तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

बेकरीसमोरच्या खांबावर हिरव्या काठाचा कागद लावणारा माणूस दातांत खिळा धरून उभा होता, त्यामुळे सेनाहिदला आधी नाव दिसलंच नाही, त्या माणसाची वर उचललेली कोपरं दिसली. सेनाहिदच्या छातीशी दोन गरम सोमुन पाव होते, कागदात गुंडाळलेले. गावात गेलेल्यांचे असे कागद रोज लागतात, मुसलमानांचे हिरव्या काठाचे आणि त्यांच्या शेजारी ख्रिश्चनांचे काळ्या काठाचे, आणि पन्नाशी उलटलेला माणूस ते वाचल्याशिवाय पुढे जात नाही. बातमीसाठी म्हणून नाही, एक सवय म्हणून. तोही थांबला. माणूस बाजूला झाला तसा पहिल्यांदा फोटो दिसला. फोटोतल्या माणसाच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. बोटांच्या पुढचा हात कात्रीनं कापून टाकलेला. सेनाहिदनं ती बोटं लगेच ओळखली, कारण करंगळी वाकडी होती, आणि तीच करंगळी या क्षणी पावाखाली भाजत होती. मग त्यानं नाव वाचलं. हिल्मिया देलिबाशिच, हिल्मो. सत्तावन्नाव्या वर्षी, अचानक. दफन आजच, दुपारच्या नमाजानंतर, टेकडीवर.

"हृदय," खिळेवाला म्हणाला. "पहाटे उठला, पाणी प्यायला, खुर्चीत बसला. चला उस्ताद, तुमची टीम एकेक करून खांबावर यायला लागली." त्यात वाईट हेतू नव्हता. गावात मृत्यूबद्दल असंच बोलतात. सेनाहिदनं मान हलवली आणि चालू लागला, आणि पुलापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो घराच्या उलट्या दिशेनं चाललाय. तो वळला नाही. पुलाच्या कठड्यावर पाव ठेवून खाली बोस्ना नदीकडे बघत राहिला. पाणी कमी होतं, कारखान्याच्या बाजूचे दगड उघडे पडले होते. पाच महिने, त्याच्या मनात आलं. पाच महिने रोज सकाळी आम्ही एका टेबलावर बसलो.

एप्रिलमध्ये हिल्मो दारात आला तेव्हा त्याच्या हातात इस्पितळात न्यायची पिशवी होती, चट्ट्यापट्ट्याची, झिप बिघडलेली. सारायेवोला ऑपरेशनसाठी निघाला होता. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला, दुखरा पाय पायरीवर टेकवून. "सेनाहिद," तो म्हणाला, "मला हलाल कर. निघायच्या आधी एक गोष्ट आहे, ती सांगायची आहे." लांबच्या वाटेला निघताना, हजला निघताना, सुरीखाली जाताना माणसं असं येतात. तुझं माझ्यावर जे काही राहिलं असेल ते सोडून दे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं, सोडलं, हलाल, आणि तूही मला कर. दोन वाक्यं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. पण सेनाहिदला त्या 'एक गोष्ट'ची भीती वाटली. त्याला वाटलं, हिल्मो आता ते बोलणार, तेहतीस वर्षांनी, इथे, उंबऱ्यावर: मला माहीत आहे, तू मुद्दाम केलंस. म्हणून तो हसला. मोठ्यानं हसला. "अरे कसलं हलाल? हर्नियाचं ऑपरेशन आहे की मक्केला निघालास? चल, कॉफी घे. रविवारी कोण खेळतंय मधे ते सांग." त्यानं त्याला जवळजवळ ओढून आत घेतलं, बायकोला, बेहियाला, हाक मारली, बेहियानं कॉफीची जेझवा चुलीवर चढवली. हिल्मोनं साखरेचा खडा कॉफीत बुडवून चोखला, रविवारच्या सामन्याबद्दल बोलला, उठला. दारात पुन्हा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बरं." एवढंच. ऑपरेशन नीट झालं. हिल्मो परत आला, आणि त्यानंतर त्या गोष्टीचं नावही कुणी काढलं नाही.

घरी पाव थंड झालेले बघून बेहिया काहीतरी बोलणार होती, पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिनं टेबल आवरलं. "कळलं मला. शेजारणीनं सांगितलं," ती म्हणाली. "काळा कोट काढून ठेवलाय. काहीतरी खाऊन घे. टेकडी चढायची आहे." त्यानं खाल्लं नाही. खिडकीशी बसला आणि नेहमीप्रमाणे, न बोलावता, तो गुरुवार आला.

तो गुरुवार त्याच्याकडे इतक्या वेळा आला होता की आता त्यातलं काय घडलेलं आणि काय झिजून गुळगुळीत झालेलं, हे त्याला सांगता आलं नसतं. मार्च चौऱ्याऐंशी. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, मधे चिखल. सराव संपताना आपापसातला सामना. सेनाहिद वीस वर्षांचा, राखीव खेळाडूंत, पिवळी बंडी घातलेला. हिल्मो चोवीसचा, आठ नंबर, मधल्या फळीचा राजा, ज्याच्यासाठी मोठ्या क्लबांची माणसं दर रविवारी टोप्या खाली ओढून बसायची. चेंडू दोघांच्या मधे पडला. सेनाहिदला आठवत होतं की त्याच्या मनात एक विचार आला होता. शब्दांत नाही, पोटात. तो जर नसता. आणि मग तो सरकत गेला, उजवा पाय पुढे. हिल्मो ओरडला. पायाला पाय लागला. जर्दाळूची सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. याच क्रमानं. आधी ओरडणं, मग स्पर्श, मग आवाज. दर वेळी याच क्रमानं यायचं, आणि दर वेळी तो स्वतःला सांगायचा की हे खोटं आहे, असं होऊ शकत नाही, माणूस दुखण्याआधी ओरडत नाही. माझं मन मला वाचवायला क्रम बदलतंय. आधी पाय, मग ओरडणं, असा खरा क्रम लावून तो पुन्हा बघायला लागायचा, विद्यार्थी चुकलेलं गणित पुन्हा मांडतो तसा, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा उलटं होऊन यायचं. ओरडणं, स्पर्श, आवाज.

त्या रविवारी आठ नंबरचा शर्ट त्याला मिळाला. हिल्मोनं इस्पितळातून निरोप पाठवला होता: घाल म्हणावं, धुतलेला नाही, माझा वास येईल, तेवढाच मीही खेळेन. गावानं हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं. हिल्मोचं मन बघा, म्हणायचे. मे महिन्यात हिल्मोचं झुम्राशी लग्न झालं, सासऱ्याच्या अंगणात, पाय प्लॅस्टरमध्ये. मेंढा भाजला होता. हिल्मो खुर्चीत बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होता, आणि फासळीजवळचा सगळ्यात चांगला तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं सेनाहिदच्या ताटात टाकला. "खा," म्हणाला, "आता आपल्या दोघांचं तुलाच धावायचं आहे." सेनाहिदला तो घास गिळता येईना. गालात धरून बसला, मग घराच्या मागे जाऊन थुंकला, आणि परत येऊन म्हणाला, छान झालंय. गुडघा दोनदा उघडून शिवला, पण हिल्मो पुन्हा खेळला नाही. क्लब कारखान्याचाच होता, त्यामुळे कामावर झालेली इजा म्हणून कारखान्यानं त्याला क्लबच्या फाटकावर नेमलं. त्यानंतर ज्या ज्या दिवशी सेनाहिद मैदानात आला, त्या त्या दिवशी फाटक हिल्मोनं उघडलं.

लोक म्हणायचे, सेनाहिदसारखा सभ्य खेळाडू झाला नाही. एकोणीस वर्षं, तीन देश, आणि एकही पिवळं कार्ड नाही. वर्तमानपत्रानं एकदा त्याच्यावर अर्धं पान छापलं, मैदानावरचा सज्जन माणूस. त्यानं ते पान बेहियाला फाडून टाकायला लावलं. खरं असं होतं की त्या गुरुवारनंतर त्याचा पाय कुणाच्या पायाकडे जायचाच नाही. चेंडू दोघांत पडला की मांडीत काहीतरी गार व्हायचं आणि पाय मागे यायचा. मग त्यानं अशा जागी उभं राहायला शिकून घेतलं जिथे चेंडू दोघांत पडणारच नाही. दोन पावलं आधी ओळखायचं, एका स्पर्शात पुढे द्यायचं. त्यालाच लोक दूरदृष्टी म्हणाले. ऑस्ट्रियात प्रशिक्षक रेषेवरून ओरडायचा, आत घुस, पाय घाल, तू काय चर्चमध्ये आला आहेस का. तिथे वरच्या गटात चढायच्या शेवटच्या सामन्यात, सत्याऐंशीव्या मिनिटाला, चेंडू त्याच्या आणि एका लाल केसांच्या पोराच्या मधे पडला, आणि त्यानं पाय मागे घेतला. लाल केसांचं पोर पुढे गेलं आणि गोल झाला.  पुढच्या हंगामात त्याला ठेवलं नाही. इकडे मायदेशात लढाई चालू होती, आणि तो परक्या गावात एका बाकावर बसून बातम्या ऐकत होता. शहाण्णवला तो परत आला तेव्हा फाटकावर हिल्मो होता, अर्धा झालेला, दात गेलेले. चार हिवाळे त्यानं लंगडत घसरगाडीवरून पाण्याचे डबे ओढले होते. "आलास?" म्हणाला. "मैदान आहे जागेवर. बाकं जाळली आम्ही, थंडी होती. बाकी सगळं तसंच आहे." आणि किल्ली फिरवली. नव्या देशासाठी सेनाहिद चार सामने खेळला, बत्तिसाव्या वर्षी. हिल्मो येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचा, "याला मी घडवला." सगळे हसायचे. सेनाहिदही हसायचा. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, त्याला वाटायचं की या माणसाला माहीत आहे, आणि हा मला सांगणार नाही, ही त्याची पद्धत आहे.

टेकडीवर योझो भेटला, त्यांचा जुना गोलरक्षक. काळ्या काठवाल्यांतला, पण गावातलं एकही दफन न चुकवणारा. वाढलेल्या पोटावर कोट लागत नव्हता. "काय रे," तो हळूच म्हणाला, "गेल्या आठवड्यात मला म्हणाला, योझो, तू माझ्या आधी जाणार, तुझं पोट बघ. मी म्हटलं, पैज लाव. हरला बघ." त्याचे डोळे लाल होते. ताबूत आला, मयताची लाकडी पेटी, हिरव्या कापडाखाली, खांद्यावरून खांद्यावर सरकत. इथे कुणी त्याच्याबरोबर चालत नाही. माणसं दोन रांगांत उभी राहतात, आणि ताबूत त्यांच्या डोक्यांवरून नदीसारखा पुढे जातो, प्रत्येकाकडे दोन-तीन क्षण. सेनाहिदच्या खांद्यावर आला तेव्हा तो इतका हलका वाटला की त्यानं वर बघितलं. मग तो पुढे गेला. एका स्पर्शात पुढे, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

नमाज झाल्यावर इमाम लोकांकडे वळला. तरुण होता, नुकताच नेमलेला, आवाज स्वच्छ. "हा माणूस कसा होता?" "चांगला होता," सगळे म्हणाले. सेनाहिदही म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. मग इमामनं विचारलं, "तुम्ही याला हलाल करता?" आणि दीडशे माणसं म्हणाली, करतो. सेनाहिदचे ओठ हलले नाहीत. मी कोण करणार, त्याला वाटलं. ज्याचा पाय मी मोडला त्याला मी काय सोडून देऊ? इथे सगळे जिवंतांना विचारतात की मेलेल्याला सोडलं का. मेलेल्याला कुणी विचारत नाही. कुणीतरी त्या कापडाखाली वाकून विचारावं, हिल्मो, तू यांना सोडतोस का, त्या रांगेतल्या तिसऱ्या माणसाला, वाकड्या करंगळीवाल्याला. इमामनं दुसऱ्यांदा विचारलं. करतो. बाजूला योझोचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सेनाहिदनं खरंच प्रयत्न केला, श्वासही घेतला, पण तो शब्द उच्चारणं त्याला मेंढ्याच्या त्या घासासारखं वाटलं, गालात धरलेलं, आपलं नसलेलं.  मग फावडी चालू झाली. फावडं कुणी कुणाच्या हातात देत नाही, दमलेला माणूस ते जमिनीवर टाकतो आणि दुसरा उचलतो. सेनाहिदनं उचललं आणि कुणी टाक म्हणेपर्यंत टाकलं नाही.

"तुझा आवाज नाही आला," उतरताना योझो म्हणाला.

"घसा बसलाय."

"माझा रोमपर्यंत गेला असेल. आता पाद्री मला जाब विचारणार." दहा पावलं गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "तिन्ही वेळा बसला होता?"

सेनाहिद उताराकडे बघत पुढे झाला.

हिल्मोच्या घरात बायकांची प्रार्थना संपत आली होती. दिवाणखान्यातून एकसुरी गुणगुण येत होती, दारात चपलांचा ढीग. झुम्रा स्वयंपाकघरात होती, एकटी. तिला बसा म्हणणारे सगळे तिनं बाहेर पाठवले होते. पांढरी ओढणी, हात पिठानं भरलेले. "बस इथे," ती म्हणाली. "त्या सगळ्यांसमोर मला रडायला येत नाही. तुझ्यासमोर निदान बोलता तरी येईल." तिनं कॉफी ओतली, कप त्याच्याकडे सरकवला. "फोटो बघितलास? त्याचा आवडता. मी म्हटलं अख्खा लावा, तर छापणारा म्हणाला, वहिनी, एका कागदावर एकच माणूस मावतो. तुझा हात राहिला तेवढा."

"बघितला."

"बरं झालं, एप्रिलमध्ये जाऊन आला तुझ्याकडे. तेहतीस वर्षं मी मागे लागले होते. जा, सांग त्याला, असं पोटात घेऊन मरू नकोस. तर रोज उद्या. त्या दिवशी ऑपरेशनचं निमित्त झालं. तुझ्याकडून परत आला, बसमध्ये बसायच्या आधी मला म्हणाला, झालं, झुम्रा, मोकळा झालो." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला भीती होती, तू चिडशील. चिडायला हवंस खरं तर. सगळं माझ्याच बापाच्या त्या मेंढ्यापायी."

सेनाहिदनं कप खाली ठेवला. तो कशाबद्दल विचारायचं हे ठरवू शकेना, म्हणून त्यानं सगळ्यात लहान गोष्ट विचारली. "तुमच्या वडिलांचा?"

"म्हणजे वाढवलेला आमच्या अंगणात. मिळाला त्यालाच, स्पर्धेत. एवढं नाही सांगितलं?" ती थोडी हसली, रडण्याच्या काठावरचं हसू. "त्याचं ते नेहमीचं, गोष्ट सांगायची आणि मेंढा वगळायचा. क्लबला सुट्टी होती त्या रविवारी वरच्या गावात सहा-सहा जणांची स्पर्धा होती, बक्षीस मेंढा. क्लबनं बंदी घातलेली, सापडलास तर घरी. हा गेला. लग्नासाठी मेंढा हवा, म्हणे, तोही जिंकलेला. अंतिम सामन्यात गुडघा गेला. एक एक पाऊल टाकताना पांढरा पडायचा. पण मेंढा घेऊन आला, दोरीनं, मी स्वतः बघितला. चार दिवस माझ्या आईनं राकियाच्या दारूत भिजवलेलं फ्लॅनेल बांधून ठेवलं. डोंगरात मोडला म्हटलं असतं तर क्लबही गेला आणि कारखानाही. म्हणून गुरुवारी मैदानात गेला आणि वाट बघत उभा राहिला, कुणी त्या पायावर येतंय का." ती थांबली. "तो मला म्हणाला होता, मी मोठ्यांतला एखादा बघत होतो. पण ते सगळे सांभाळून खेळत होते. तू तेवढा खरा आलास. तू यायच्या आधीच मी ओरडलो, झुम्रा, मला इतकी भीती वाटली होती."

दिवाणखान्यात गुणगुण थांबली आणि आमीन झाली. सेनाहिद पिठानं भरलेल्या टेबलाकडे बघत राहिला. त्याला राग आला नाही, अजून नाही. आधी फक्त एक विचित्र पोकळी आली, जिना संपलाय हे न कळता पाऊल टाकावं तशी. मांडीतला तो गारवा. सत्याऐंशीवं मिनिट, लाल केसांचं पोर. फाडून टाकलेलं अर्धं पान. एकोणीस वर्षं दोन पावलं आधी उभा राहणारा तो माणूस, तो कोण होता? त्याला कुणी घडवला? हिल्मो खरंच सांगत होता, फाटकावर, सगळ्यांना, बोट दाखवून. आणि एप्रिलमध्ये त्या उंबऱ्यावर तो हलाल मागायला आला होता, दोष द्यायला नव्हे. आणि आज टेकडीवर दीडशे माणसांनी त्याला जे दिलं ते त्यानं मागितलंच नव्हतं. त्याला एकाचंच हवं होतं. त्यानं तेवढं सोडून बाकी सगळ्यांचं मिळवलं.

"केलंस ना त्याला हलाल?" झुम्रानं विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती, अगदी साध्या डोळ्यांनी, दार लावलंस ना असं विचारावं तसं. "आज मला तेवढंच ऐकायचं आहे. बाकी सगळं मी सोसते."

त्यानं चेंडू दोघांत पडलेला पाहिला आणि पाय मागे घेतला. "तो मोकळा झालो म्हणाला ना, वहिनी," तो म्हणाला. झुम्रानं मान डोलावली, आणि मग तिला रडायला आलं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, ती शांत होईपर्यंत, आणि ती शांत झाल्यावर कोट उचलून बाहेर पडला.

टेकडी दुसऱ्यांदा चढताना त्याला दम लागला. उन्हं अजून होती. सगळे गेले होते, ओल्या मातीवर फावड्यांच्या पाठीचे ठसे होते आणि डोक्याशी लाकडाची पाटी, नाव आणि दोन वर्षं. खाली मैदान दिसत होतं, रिकामं. फाटक उघडंच होतं, आज लावायला कुणी नव्हतं. सेनाहिद मातीच्या पायथ्याशी उभा राहिला. म्हणायचं असेल तर आता म्हणता येणार होतं, आता सोडून देण्यासारखं काही त्याच्याजवळ होतं, त्याचं स्वतःचं. दुपारपर्यंत ते नव्हतं म्हणून शब्द निघत नव्हता. आता होतं, आणि आता त्याला ते सोडवेना. उजव्या मांडीत, तेहतीस वर्षांनी, गार वाटत नव्हतं. तिथे ऊब होती, ओळखीची, वीस वर्षांच्या पोराची. पाय पुढे जायला बघत होता आणि समोर कुणी नव्हतं.

"तू आधी ओरडलास," तो म्हणाला. मोठ्यानं, स्पष्ट, घसा न बसलेल्या आवाजात. "मी बरोबर ऐकलं होतं."

मग तो थांबला, पुन्हा कुणीतरी विचारेल म्हणून. तीनदा विचारून झालं होतं. चौथ्यांदा विचारायची पद्धत नाही.